वराह म्हणजे काय

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते कशासाठी? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — ओळखीचं कोणी समोर असतं तर जीभ रेटलीच नसती.

दिग्रसजवळच्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना मला कधी किळस आली नाही. पण डुक्कर म्हटलं की नाक मुरडायचो. एकदा कोणीतरी गमतीने मला 'डुकराचा डॉक्टर' म्हणालं, आणि सगळे पोट धरून हसले. एवढ्याशा गोष्टीला माणूस भितो? मी भ्यायलो.

गावाबाहेर चंद्रकलाबाई राहायची. नवरा गेलेला, अकरा डुकरं, त्यांच्यावरच घर चालायचं. ग्रामपंचायतीने दवंडी दिली — दिवाळीनंतर मोकळी दिसतील ती डुकरं पकडून नेणार. तिला डुकरं कोंडायला कोठा बांधणं भाग होतं, आणि नेमकी तेव्हाच कोठ्यासाठी अनुदानाची योजना आली. जाहिरात मीच दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर चिकटवली. वर मोठ्या अक्षरांत — वराहपालन. सरकारी कागदात डुकराला डुक्कर म्हणत नाहीत.

चंद्रकलाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून तिने अक्षरं लावली आणि मला विचारलं, "साहेब, हे वराह म्हणजे काय जी?"

अर्ज झाला की मला तिच्या दारी जावं लागणार — जागा मोजायची, डुकरांशेजारी उभं राहून फोटो काढायचा. बाजूला सोबतचे लोक चहा पीत होते, कान इकडेच. मी म्हणालो, "विष्णूचा अवतार आहे बाई. देवाचं नाव."

खोटं होतं का ते? शब्द खरा होता — म्हणूनच इतका सहज तोंडातून निघाला.

तिने फळ्याला हात जोडले. "असं काय. मले वाटलं, आमच्या कामाचं काही असन," म्हणाली आणि गेली.

मुदत संपायला बरेच दिवस होते. रोज वाटायचं, उद्या सांगू. तो उद्या मी येऊ दिला नाही. दिवाळी झाली आणि गाडी आली. पाय बांधून डुकरं भरत होते, आणि ती एकेकाला नावाने हाक मारत होती. दवाखान्यापर्यंत ऐकू येत होतं. मी खिडकी लावून घेतली. त्या खिडकीची मला आजही लाज वाटते.

आता ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते. फळ्यावर सध्या लसीकरणाचं पत्रक आहे. परवा वेचणीवरून परतताना ती तिथे थांबली, जोडायला उचललेले हात तसेच राहिले. मला म्हणाली, "साहेब, तो देवाचा कागद काढला काय जी?"

मी हो म्हणालो.