कन्नडच्या स्टँडवर घेतलेला उखाणा

आमच्या घरात डिजिटल सुरक्षेतला एकमेव जाणकार मी आहे. (बाकीच्यांचे फोन अजून हरवलेले नाहीत.)

ऑफिसात सायबर चोरांवर भाषण ऐकलं आणि घरी येऊन मी फर्मानच काढलं. "आजकाल चोर हुबेहूब आपल्या आवाजात बोलतात! अनोळखी नंबरवरून मी जरी बोललो, तरी विश्वास ठेवायचा नाय. आधी लग्नातला उखाणा विचारायचा. उखाणा बरोबर, तरच नवरा खरा!"

"तुम्हाला तरी येतो का?" बायको, म्हणजे संगीता, म्हणाली. "येतो की!" मी म्हटलं.

आठच दिवसांनी कामासाठी कन्नड गावाला गेलो. जीपमधून उतरलो, फोन सीटवरच राहिला आणि जीप गेली! फोनला कुलूप नव्हतं (सारखं उघडायचा कंटाळा येतो म्हणून मीच काढलेलं), आणि आत 'सगळे पासवर्ड' नावाची व्यवस्थित यादी! सिम संगीताच्या नावावर. ते तिनंच तातडीनं बंद केलं तर चोराला ओटीपी मिळणार नव्हते आणि मी वाचणार होतो.

नशीब, तिचा नंबर पाठ होता. एसटी स्टँडवर एका चाचांनी त्यांचा फोन दिला. त्याचा फक्त स्पीकर चालायचा.

"संगीता, मी बोलतोय! फोन हरवला, सिम बंद कर!"

"उखाणा घ्या."

"अगं, मीच हाय!"

"चोर बी असंच म्हणंल. तुम्हीच सांगितलंय."

आजूबाजूचे प्रवासी जवळ सरकले. चाचा म्हणाले, "बोलो ना मियाँ, घरवालीच है, शरमाना कायकू?"

मी डोळे मिटले. "शहागंजच्या बाजारात घेतला अबोलीचा गजरा..."

"अबोली? मला तर मोगरा आणला व्हता! अबोली कुणाला नेली?"

अख्खा स्टँड हसला. एक आजी ओरडल्या, "नीट आठव रं बाबा, संसाराचा सवाल हाय!"

लाज गुंडाळून ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं,
"शहागंजच्या बाजारात घेतला मोगऱ्याचा गजरा,
संगीताचं नाव घेतो, चुकवून सगळ्यांच्या नजरा!"

टाळ्या, शिट्ट्या! निम्मा स्टँड शूटिंग करत होता.

सिम लगेच बंद झालं. (जीपवाल्यानं संध्याकाळी स्टँडवर फोनही आणून दिला, लई भला माणूस!) पण मी घरी पोचायच्या आत व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला होता. आमचा गुप्त उखाणा आता अख्ख्या तालुक्याला पाठ झालाय.

"नवा ठरवायला लागंल," मी म्हटलं.

"ठरवलाय की. पोरांना सांगितला, तुमच्या आईंना बी सांगितला."

"आणि मला?"

"तुम्हाला कशाला? स्टँडवर ओरडायला?"

तेव्हापासून मी परक्या नंबरवरून घरी फोन केला, की चोर ठरतो!