जखम तर भरली

आर्मी मेडिकल कोअरमधून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेड लॅब टेक्निशियन. शेवटचं पोस्टिंग पहाडात, फील्ड हॉस्पिटलला. आता बडोद्यात, समा भागात, एका स्वस्त लॅबमध्ये रक्त काढतो.

फौजेत रजेवरून परतलेल्या जवानाची एफएफआय व्हायची, म्हणजे अंगात काही संसर्ग घेऊन आला नाही ना याची तपासणी. कुक असो की हवालदार, रांगेत उभं राहायचं. लाजायला वेळच नसायचा.

इथे सगळा उलटा कारभार. आमच्याकडे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट सेवउसळीच्या प्लेटइतक्या पैशांत होते. तरी लोक तोंडाला रुमाल बांधून येतात आणि हळूच म्हणतात, "मित्रासाठी विचारतोय." मित्राचं रक्त तुमच्या हातातून कसं काढू, बाबा? लहरीपुऱ्याच्या बाजारात साडीच्या भावावरून तासभर हुज्जत घालणारी माणसं इथे टेस्टचं नाव घेताना मुकी होतात. डोकं फिरतं माझं.

मागच्या हिवाळ्यात जवळच्या पादरा गावाहून कारखान्यातला एक प्लँट ऑपरेटर आला. मराठी माणूस, तिशीतला. टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि बायकोला तपासायला आणा म्हणून बजावलं. ती सात महिन्यांची गरोदर होती. आठवडा गेला, तिचा पत्ता नाही. हा मात्र पुढच्या इंजेक्शनला हजर.

"वहिनी कुठे आहेत?"

"तिला कशाला, काका? तिसऱ्या महिन्यात तिचा रिपोर्ट नॉर्मल होता."

"तेव्हा तुमचाही नॉर्मल आला असता. लागण त्यानंतरची आहे."

"पण माझी जखम तर भरली ने."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि दत्ताचं सांगितलं.

लान्स नायक दत्ता, नर्सिंग असिस्टंट, पहाडातल्या पोस्टिंगवर माझा तंबूतला सोबती. एका रजेत त्याला गुप्तांगावर फोड आला आणि आपोआप भरला. एफएफआयला अंगावर काही दिसलं नाही, यानंही तोंड उघडलं नाही. जखम तर भरली म्हणून गडी खूश, पण रोग रक्तात तसाच होता; मला हे सगळं त्यानं फार नंतर सांगितलं. पुढे त्याचं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. मग नवरा-बायकोचं रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं. उपचारांनी दोघं बरी झाली. दत्ता माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाला, "एका सुईचं काम होतं रे."

ऑपरेटर खाली बघत होता. मी म्हणालो, "आज घरी खरं सांगायचं. उद्या सकाळी आठला वहिनींना घेऊन इथे रिपोर्ट करायचं."

"ती मला सोडून जाईल, काका."

"जाईलही. पण पोटातलं मूल वाचेल."

दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले. कोणी नाही. संताप आवरत मी फोन लावला.

"लोकेशन?"

"समा तळ्यापाशी."

"वहिनी?"

"बरोबर आहे. रडतेय."

"या."

तिनं हात पुढे केला. नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार सुरू केले.

वसंतात तो पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती, ठणठणीत. बायको अजून मोजकंच बोलते म्हणाला. मग काउंटरवर वाकून कुजबुजला, "कशाचे पेढे ते कोणाला सांगू नका हं."

"अहो, मुलगी झाली एवढं तरी सांगू का?" मी विचारलं. काय करावं या माणसांचं!

मूल गेल्यानंतर वर्षभरात दत्ता गस्तीच्या तुकडीबरोबर असताना गोळी लागून पडला. युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे. दरवर्षी तिथे बिगूल वाजतो आणि आम्ही निवृत्त सोबतीही जाऊन सॅल्यूट करतो. त्याच्या मुलाचं नाव कुठेच नाही, ते ठेवायची वेळच आली नाही. माझा सॅल्यूट दोघांना असतो.