बटण दाबून बसलेले लीडर

विकाराबादच्या जंगलातून आत्ताच हैदराबादेत, नारायणगुड्याला घरी पोचलेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या पाच जीप होत्या. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून प्रत्येक जीपमध्ये वॉकी-टॉकी. चॅनल एकच, म्हणजे एकाने बटण दाबलं की बाकीच्यांचं बोलणं बंद. हा नियम सकाळी अर्धा तास शिकवला आमचे लीडर मोहनराव यांनी. ते सगळ्यात पुढे, आम्ही सगळ्यात मागे.

नाल्यात उतरताना आमची जीप कलंडली. स्टिअरिंगमध्ये अडकून संजूचं, माझ्या भावाचं, मनगट मोडलं. मी वॉकी-टॉकीवर ओरडतेय आणि बटण सोडलं की मोहनरावांचाच आवाज, "बिर्याणी म्हणजे कच्च्या गोश्तची. बाकी सब बेकार, मियाँ!" वीस मिनिटं या माणसाने बटणावरचं बोट काढलं नाही.

चौथ्या जीपमधल्या लक्ष्मीअक्कांना मागे आमची जीप दिसेना, म्हणून त्या परत आल्या. संजूला आपल्या जीपमध्ये घेतलं आणि हॉर्न वाजवत मोहनरावांना गाठलं.

साहेब काय म्हणाले असतील? "अरे, मग रेडिओवर सांगायचं ना!"

आता ग्रुपवर त्यांचा फोटो आलाय, वॉकी-टॉकी गालाला लावून. खाली लिहिलंय, 'सुरक्षित प्रवास'. संजूचा हात प्लास्टरमध्ये आहे.

त्या यंत्रावर ऐकण्यासाठी वेगळं बटण नसतं हो. फक्त बोलायचं थांबावं लागतं. तुमच्या ग्रुपच्या लीडरला जमतं का ते?