इस्त्रीमागची बोटं

आमच्या घरात डॉक्टर कोणी नाही. ती उणीव सगळ्यांनी मिळून भरून काढली आहे. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या आत्याचे सांधे दुखू लागले, बोटांना मुंग्या येऊन ती बधिर होऊ लागली, तेव्हा आईने तत्काळ निदान केलं, "बसून बसून वजन वाढलंय, दुसरं काय!" आत्या दिवसभर उभी असते, ही किरकोळ बाब. काकांनी तांब्याचं कडं दिलं. बाबांचा उपाय सगळ्यांत रामबाण: दुकान भाड्याने द्यायचं.

"आता आराम कर गं," ते म्हणाले. हा मायेचा पाझर त्यांना भाडेकरू सापडल्यावरच फुटला होता.

"दादा, हात चालतायत तोवर दुकान माझं," आत्या म्हणाली. आवाज घोगरा, भर उन्हात अंगात स्वेटर.

हात चालत होते, पण आंधळे. उजव्या हाताने इस्त्री फिरवायची आणि मागोमाग डाव्या हाताची बोटं. कापड किती तापलं, हे ती बोटं सांगायची. आता ती मुकी झाली होती. शेवटी एका डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला.

बाई तावातावाने भांडायला आल्या. आत्याने माफी मागितली, तीही इतकी संथपणे, की बाई भांडण विसरून तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"थायरॉइड तपासलंय का कधी?"

कशाला तपासतोय! घरात एवढे तज्ज्ञ असताना? रक्त तपासलं, तर थायरॉइडचं काम मंदावलेलं. रोज उपाशीपोटी एक बारकी गोळी सुरू झाली. एवढ्याशा गोळीने काय होणार, म्हणून काकांनी कडं काढू दिलं नाही.

गोळीला घाई नव्हती, बाबांना होती. काही महिन्यांत सांध्यांची कुरकुर कमी झाली, बोटं मात्र ढिम्म. एका सकाळी बाबा भाडेकरूला घेऊनच दुकानात आले. तो टेप लावून भिंती मोजू लागला. मला बघवेना. आत्या एका कॉलरवर इस्त्री फिरवत होती, मागोमाग बोटं.

"आई गं!"

बाबा धावले. "भाजलं ना? म्हणून सांगत होतो तुला—"

"भाजलं, दादा!" आत्याच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "चांगलंच भाजलं!"

तिने बोटांवर फुंकर घातली आणि भाडेकरूकडे वळून म्हणाली, "शर्ट फार चुरगळलाय तुमचा. आणून द्या, उद्या मिळेल."