कुणाच्या अंगावर न चढलेलं सोनं

पेणपासून रोह्यापर्यंतच्या जमिनीत असा एकही खिळा नसेल, जो आमच्या थोरल्या साडूंनी सोनं समजून एकदा तरी उकरलेला नाही. हे मी चेष्टेनं सांगत नाही, अभिमानानं सांगतो. आमच्या सासरवाडीला चार जावई आहेत. त्यातल्या तिघांनी आयुष्यात नोकरी, घर आणि थोडीफार ॲसिडिटी एवढंच मिळवलं. चौथ्यानं रोह्याच्या कुंडलिका नदीत सोनं शोधलं.

साडू मूळचे खांब गावचे, भातशेतीवाल्या घरातले. सगळी नोकरी त्यांनी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करत काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं म्हणून पेणला रामवाडीत घर घेतलं. ते खरोखर स्वस्थ बसले असते तर मला लिहायला काही उरलं नसतं. पण त्यांची लेक ऑस्ट्रेलियात. तिच्याकडे गेले असताना जावयानं एका रविवारी त्यांना माळरानावर नेलं, हातात मेटल डिटेक्टर दिला, आणि तासाभरात साडूंना तुरीच्या दाण्याएवढा सोन्याचा खडा सापडला. खडा लेकीकडे राहिला आणि मशीन साडूंबरोबर विमानानं पेणला आलं. आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं, "तिकडच्या माळावर सोनं हाय नि आपल्या कुंडलिकेत नाय, असं कसं व्हईल? दगड तिकडं पन हाय नि हितं पन हाय." हे शास्त्र मी लगेच मान्य केलं. मी भूगर्भतज्ज्ञ नाही, रोह्याच्या एका शाळेत क्लार्क आहे.

मशीन पेणच्या घरात मात्र टिकलं नाही. साडू ते चालू करून बसत आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, चहा घेऊन आल्या की त्यांच्या मंगळसूत्राला आणि जोडव्यांना ते किंचाळे. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "सवत आणलीत ती आणलीत, नि ती माझ्यावरच वरडते." तेव्हापासून मशीनचा मुक्काम माझ्या घरी, आणि साडू आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं रोह्याला. त्यांचा पोशाख पाहण्यासारखा असे. पट्ट्याच्या बकलाला मशीन वाजतं म्हणून पट्टा नाही, नाडीची विजार. घड्याळ नाही, अंगठी नाही. उकरायला लोखंड चालत नाही म्हणून हातात नारळाची करवंटी. कुणी भेटलं की नमस्काराच्या आधी विचारणार, "खिशात चाव्या हायत काय? मग लांब उभा ऱ्हा." वर धरणावर वीज तयार करून सोडलेलं पाणी नदीला येतं आणि मग उतरतं. त्या उतरण्याची वेळ साडूंना पंचांगासारखी पाठ होती. पाणी ओसरलं की ते गोट्यांत शिरत आणि करवंटीनं नदी चिवडत.

सापडायचं काय? बाटल्यांची बुचं, मासे धरायचे गळ, नालाचे तुकडे. एकदा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात गेले तेव्हा मशीन बरोबरच होतं. न रंगवलेल्या मूर्तीवरून सहज फिरवलं तर सोंडेपाशी जोरात वाजलं. साडूंचा चेहरा उजळला. रंगकाम करणारी बाई मान वर न करता म्हणाली, "तार हाय ती काका. नायतर सोंड उभी ऱ्हाईल काय?"

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खांबला लावणी करताना एका बाईची नाकातली फुली चिखलात पडली. साडूंनी दोन दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून ती काढून दिली. बाईनं कोंबडी पुढे केली, ती घेतली नाही. मी शाबासकी दिली तर म्हणाले, "हरवलेलं गावलं, त्यात शोध कसला? मला कुनाच्या अंगावर चढलं नाय असं सोनं हवं. नदीनं स्वतः दिलेलं." त्यांचा सगळा जीव या एका वाक्यात अडकला होता.

आणि एका उन्हाळ्यात ते मिळालं. रोह्याच्या खालच्या अंगाला नदीच्या वळणावर दोन महिन्यांत पाच कण सापडले. मोहरीपेक्षा मोठे, तुरीपेक्षा लहान, पिवळेधमक. साडूंनी ते काडेपेटीत कापसावर ठेवले. मीच मुख्याध्यापकांच्या मागे लागून शाळेत त्यांचा सत्कार ठरवला. शाल आली, फळ्यावर रंगीत खडूनं 'कुंडलिकेचे सुवर्णशोधक' असं लिहून झालं. आदल्या दिवशी साडू म्हणाले, वजन तेवढं करून घेऊ, पोरं विचारतील. म्हणून आम्ही पेणला त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो.

सोनारानं कण कसोटीवर घासले, भिंगातून पाहिले. "सोनं खरं हाय," तो म्हणाला, "पण दागिन्यातलं. डाग देऊन जोडलेलं हाय, तांबं हाय यात. नि या एकाला अर्धवट भोक हाय बघा. मणी हाय हा, आगीत वितळलेला. कुठं गावला?" साडूंनी वळण सांगितलं. सोनारानं हळूच विचारलं, "त्याच्या वरच्या अंगाला काय हाय?"

वरच्या अंगाला स्मशान आहे. आमच्याकडे माणूस गेला की तुळशीपत्राबरोबर त्याच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी राख नदीत सोडतात. हे साडूंना माहीत होतं, मलाही होतं. पण दोन महिन्यांत आमच्या दोघांच्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी त्यांना म्हणालो, सोनाराशिवाय कुणाला माहीत आहे, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मला फळ्याची आणि मुख्याध्यापकांची काळजी होती, हे कबूल करतो. साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाल घेण्याआधीच बोलायला सुरुवात केली. "पोरांनो, ह्ये सोनं नदीचं नाय. ह्ये तुमच्या आज्याआजोबांचं हाय. त्यांच्या तोंडात ठेवलेलं. मी अडाणी, मला वाटलं मी शोध लावला." मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आमच्या शाळेच्या शिपाईबाई पुढे आल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, काडेपेटीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा पन असंल त्यात एखादा. पोत मोडून मणी ठेवला होता मी."

साडूंनी काडेपेटी त्यांच्याच हातात दिली. पाणी उतरायची वेळ होती. आम्ही तिघं वळणावर गेलो, बाईंनी पाचही कण एकेक करून धारेत सोडले आणि साडूंनी नारळ वाहिला. शाल त्यांनी बाईंना दिली. फळा मी स्वतः पुसला. खरं सांगायचं तर मला तो पुसावासा वाटत नव्हता, कारण त्या माणसाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

आता साडूंचे गुडघे साथ देत नाहीत. कुणाचं लावणीत काही पडलं, विसर्जनात गणपतीच्या गळ्यातली साखळी काढायची राहिली, की लोक त्यांनाच बोलावतात, आणि ते कुरकुरत जातात. त्या वळणावर मात्र ते पुन्हा मशीन घेऊन गेले नाहीत. परवा आले, ओटीवर बसले आणि करवंटी हातात फिरवत म्हणाले, "माझ्या येळी तोंडात ठेवशील तो मणी जरा वजनाचा ठेव रे. पुढं कुनी मशीन घेऊन आला तर नीट वाजला पायजे. त्याला तेवढाच आनंद."

मी हो म्हटलं. दुसऱ्याच आठवड्यात पेणला जाऊन त्या सोनाराकडून चांगला वजनदार मणी करून आणला. तो माझ्या कपाटात आहे, आणि माझ्या हयातीत तरी तो तिथून हलू नये, एवढंच मला वाटतं.