काठोकाठ भरलेली लोटी

माझ्या सासऱ्यांना सारं गाव आबा म्हणे. आबांना कुठलीही वस्तू अर्धवट भरलेली खपत नसे. गाडीत कापूस भरायचा तर बैल मान वळवून मागं बघेपर्यंत भरायचा. डब्यात पीठ घालायचं तर मुठीनं चेपून. सुनेचा दिवसही त्यांनी याच मापानं भरला होता. एक काम संपून दुसरं लागायच्या आत घोटभर पाणी प्यायलाही मला सवड नसे.

मी धुळ्याच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन चोपड्याजवळच्या या गावात आले त्याला अकरा महिने झाले होते आणि माझे डोळे आखाजीकडे, म्हणजे अक्षय्य तृतीयेकडे, लागले होते. खानदेशातली सासुरवाशीण वर्षभर राबते ती आखाजीच्या भरवशावर. त्या सणाला माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची. मला आबांनी दोन दिवस मंजूर केले होते. त्यातला एक जाण्यायेण्यातच संपणार होता. वर अट अशी, की घरचं गंगापूजन आधी नीट पार पडलं पाहिजे.

आबा आणि शेजारचे नाना थंडीत जोडीनं काशीला जाऊन आले होते. येताना दोघांनी गंगेची एकेक तांब्याची लोटी आणली. मुठीत मावेल एवढी, झाकणाला डाग देऊन पक्की बंद केलेली. नानांची लोटी घाटावरच्या गर्दीत हिंदकळली आणि दोन बोटं कमीच राहिली. आबांनी मात्र डाग देणाऱ्याला तीनदा थांबवून आपली लोटी काठोकाठ भरून घेतली होती. तेव्हापासून आबांचा एकच उद्योग. आमच्या देवघरात ठेवलेल्या दोन्ही लोट्या आल्यागेल्याच्या कानाशी हलवायच्या. नानांची खुळखुळे, आबांची गप्प राही. मग आबा म्हणत, "नानानी काशीतून वारा आना शे." नाना चार महिने हे ऐकून घेत होते.

दोघांचं गंगापूजन आमच्याच अंगणात ठरलं. लोट्या सगळ्यांसमोर उघडायच्या, तीर्थ वाटायचं, मग पंगत. सरत्या चैत्रातलं ऊन असं, की भिंतीला हात लावला तर चटका बसे. माझ्या यजमानांना नव्या गोष्टींची भारी हौस, म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी आइसक्रीमचा बेत केला. जळगावहून मोटारीनं बर्फाची लादी आली, भुशात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. सोबत आइसक्रीमचं भांडं आणि त्याची लाकडी बादली. गावात बर्फ प्रथमच आला होता. म्हाताऱ्या माणसांनी त्याला हात लावून नमस्कार केला.

बर्फ फोडून बादलीत मिठाबरोबर थर लावायचं काम माझ्याकडं होतं, कारण ते धुळ्याला मी पाहिलेलं होतं. तेवढ्यात सासूबाई दोन्ही लोट्या पदराखाली घेऊन आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. लोट्या उन्हानं तापल्या होत्या. अक्का म्हणाल्या, "गंगामायनं माहेर बरफमा शे. या ऊनमा तिना जीव कसा लागी? घडीभर तिले माहेरमा ठेव."

माहेर हा शब्द कानावर पडला आणि माझी अक्कल पार गेली. माझा बाप शाळेत शास्त्र शिकवत असे, हे मी त्या क्षणी साफ विसरले. गंगेला तरी माहेरी जायला मिळतंय या कौतुकानं मी दोन्ही लोट्या मीठ-बर्फात गळ्यापर्यंत पुरल्या आणि पुरणाकडे वळले. त्या निघाल्या थेट दुपारी, भटजींनी हाक मारल्यावर.

पाटावर तांदळाच्या दोन राशी होत्या. नानांची लोटी ठेवली, ती राहिली उभी. आबांची ठेवली, ती कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. भटजींनी उचलून पाहिली तर तिचं बूड पोटुशीच्या पोटासारखं पुढं आलेलं आणि झाकण वर उचललेलं. अंगणात शे-दीडशे माणूस होतं. सगळे माना उंचावून बघू लागले.

भटजी म्हणाले, "गंगा बसायला तयार नाही. यात्रेत काहीतरी उणं राहिलंय. ते कळल्याशिवाय तीर्थ नाही, आणि तीर्थाशिवाय पंगत नाही."

चार महिने थांबलेले नाना अगदी मायेनं म्हणाले, "आबा, वाटमा तुमनं काही चुकनं ते नही ना?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. आता मला आठवलं. एकदा घरी आइसक्रीम करताना वडिलांनी माझी वासाच्या तेलाची बाटली पाण्यानं गच्च भरून, बूच बांधून मीठ-बर्फात पुरली होती. बाटली फुटली. मी रडत होते आणि ते काचा दाखवत आनंदानं कारण समजावत होते. म्हणजे गंगेचा राग-लोभ काही नव्हता. लोटी मी फुगवली होती. पण हे बोलायचं कसं? नवी सून चारचौघांत सासऱ्यांशी बोलत नाही. आणि बोलले, तर आखाजी गेलीच म्हणून समजायचं.

इकडे आबा घाबरून एकेक पाप आठवून मोठ्यानं सांगू लागले. भुसावळच्या स्टेशनावर एकादशीला कांद्याची भजी खाल्ली होती. घाटावर दुसऱ्याच्या जोड्यात पाय घातला होता. नाना झोपले असताना त्यांच्या पडशीतले दोन लाडू संपवले होते. नानांनी मान डोलावली. आबा घाम पुसत, स्वयंपाकघराच्या दाराकडं चोरटं बघत म्हणाले, "चवथं सांगाले जीभ रेटत नही. ते घरनीबद्दल शे."

मला ते बघवेना. एवढा ताठ माणूस माझ्यापायी भर अंगणात वाकत होता. मी शेजारी उभ्या असलेल्या अक्कांचा पदर ओढला आणि म्हटलं, "अक्का, ही चूक माझी आहे. त्यांना थांबवा."

"थांब जराशी," अक्का म्हणाल्या, "चवथं ऐकू दे."

पण मी थांबले नाही. आवाज बाहेर जाईल इतक्या जोरात अक्कांनाच सांगू लागले. नाइलाजानं अक्का दारात गेल्या. मी आतून बोलायचं, त्यांनी बाहेर पोचवायचं. वडील जे सांगत ते मी अंगणाच्या भाषेत सांगितलं. माणसं दाटीवाटीनं उभी असली की एवढ्याशा मांडवात मावतात. तीच रांगेत पंगतीला बसली की जागा जास्त लागते. माणूस एकही वाढत नाही. पाण्याचे कण गोठताना असेच ऐसपैस रचून बसतात, आणि भांडं बंद असलं की त्याला रेटतात.

अक्कांनी सांगितलं, "सून म्हनस, गंगा उभी व्हती तवलोंग लोटीमा मावनी. मंग ती पंगतले बसनी. जागा पुरनी नही, म्हनीसन लोटीनं पोट वाढनं."

"मंग मन्ही लोटी काब्र धड शे?" नानांनी विचारलं.

"तिनामा दोन बोट जागा व्हती ना," अक्कांनी हे मला न विचारताच सांगितलं.

आबा हळूहळू उभे राहिले. "म्हनजे काठोकाठ भरी, हाई मन्ही चूक शे?"

अक्का पदर सावरत दारातून आत सरकल्या. भटजींना मात्र पुरावा हवा होता. डाग कापून आबांची लोटी उघडली आणि उपडी धरली. थेंबही पडला नाही. आत गंगा घट्ट बसली होती. मग दीडशे भुकेली माणसं त्या उन्हात गंगा वितळायची वाट बघत बसली. वितळली तेव्हा लोटी तशीच फुगलेली राहिली आणि पाणी काठापासून चांगलं दोन बोटं खाली उतरलेलं होतं. नानांनी लोटी मागून घेतली, कानाशी धरली आणि हलवली. खुळखुळ वाजली. त्या दिवशी पंगतीत नाना नऊ पुरणपोळ्या जेवले.

आबा मात्र अर्ध्या पोळीवर उठले. आइसक्रीमकडे त्यांनी बघितलंही नाही. मी भांडी घासत होते आणि आखाजी गेली म्हणून पदरानं डोळे पुसत होते. वाटलं, गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? चौथं पाप तरी कळलं असतं.

संध्याकाळी आबा परसदारी आले. माझ्याकडं न बघता त्यांनी ती कलंडती लोटी अक्कांच्या हातात दिली. "हाई मास्तरले दे म्हना. शाळामा दाखाडाले व्हई."

अक्कांनी लोटी माझ्या मांडीवर ठेवली. आबा वळले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच थांबले.

"आनि सूनले सांग, दोन दिन नही, पंधरा दिन ऱ्हाय. जराशी जागा ठेवनी पडस."

मी राखेनं भरलेल्या हातांनीच तोंड झाकून रडले. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि आबा दाराआड गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पंधरा दिनमा मी चवथं काढी लेस."