मामाजींच्या टोपीवरचा किडा

ज्या घरात पकड एक आणि ती हवी असणाऱ्या सुना दोन, त्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सोफ्याखाली पिसं साचतात तसे आपोआप साचतात!

आमचं घर तुमसरचं. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, जन्मभर हातमागावर कोशाचं रेशीम विणलं. माग बंद झाला, धागा उरला. मग माझ्या नवऱ्यानं, मंगेशनं, मोबाइलवर फ्लाय बांधायचा व्हिडिओ पाहिला. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-धागे गुंडाळून केलेला खोटा किडा. मासा खरा समजून झडप घालतो. मामाजी त्याला सरळ किडाच म्हणतात. नियमही त्यांचाच : रविवारी आंबागडकडच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तलावावर, जायचं. ज्या किड्यानं मासा घरी येईल तो किडा त्यांच्या टोपीवर लागणार.

टोपीवरचे सगळे किडे माझ्या जाऊबाईंचे. सुषमाताईंचे! मला तिथं माझा एक हवा होता. एकच.

*

सामान सगळं घरचं. गळ पकडीत धरायचा, पकडीच्या मुठीला रबर बांधायचं. धाग्याला मेणबत्तीचं मेण. फ्लाय तरंगावी म्हणून जुन्या चपलेचा तुकडा. आणि शेवटची गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब.

नेलपॉलिश माझं. लाल, लग्नाच्या वाढदिवसाचं.

"दे ना वं जरासं," ताई म्हणाल्या. "तू कुठं लावते आता?"

खरंच होतं. पिहू झाल्यापासून स्वतःची नखं कोणी पाहिलीत! दिलं. त्याच रविवारी त्यांच्या फ्लायला हातभर लांब मरळ लागली.

टोपीवर आता माझं नेलपॉलिश चमकतं. मी नाही!

*

ताईंची पिसं चांगली, म्हणून त्या जिंकतात, असं मी ठरवून टाकलं. माहेरी, आसगावला, आईला फोन केला, "कोंबड्याच्या मानेची पिसं पाठव."

आईनं गावच्या एका माणसाच्या हाती पिशवी पाठवली. पिशवी आरवली!

"आई, पिसं मांगतली होती ना वं!"

"मंग? त्याच्यावरच तं हायेत!"

पिहूनं त्याचं नाव राजा ठेवलं. आता त्याला हात कोण लावणार? त्याची गळून पडतील तेवढीच पिसं, तीही अंगणात. आणि सकाळी अंगण कोण झाडतं? सुषमाताई!

*

मंगेश पिसावर हात फिरवतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मला ताप आला तेव्हा माझ्या कपाळावरसुद्धा त्याचा हात इतक्या हळू फिरला नव्हता. एकदा राहवलं नाही.

"माझ्या केसांकडं असं कधी पाहिलंस का रे?"

मान वर न करता तो म्हणाला, "तुहे केस नाही चालत. पाण्यात फुगतात."

म्हणजे यानं करून पाहिलं होतं!

*

गळ डब्यात ठेवायचे, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुठं ठेवली याची मला रात्रंदिवस काळजी. पिहू दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालणारी. एका दुपारी मी बांधलेली फ्लाय दिसेना. पिहूला उचललं, ताईंच्या स्कूटीवर मागं बसून थेट दवाखाना. "डॉक्टर, एक्स-रे काढा! गळ गिळला हिनं!"

पिहू मजेत बिस्कीट खात होती. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, तुमच्या ओढणीला हे काय लटकतंय?"

परतताना ताई स्कूटी थांबवून हसल्या. "चला, कोणाले तरी लागली तुही फ्लाय!"

*

आणि मग तो रविवार. पिहूच्या जुन्या फ्रॉकची पिवळी लेस घालून बांधलेली माझी फ्लाय पाण्यावर पडली न पडली, तोच मरळीनं ती ओढली. गळाची काडी वाकली! मी ओरडले, मंगेश ओरडला, आणि दोरा तुटला. मासाही गेला, फ्लायही.

"घरी आला तोच मासा," मामाजींनी निकाल दिला.

पुढच्या रविवारी त्याच जागी ताईंना मरळ लागली. लागणारच! मामाजी त्या दिवशी बोडीवर आलेच नव्हते, ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. ताईंनी आपली फ्लाय काढायला मरळीचा जबडा उघडला आणि थांबल्या. आत दोन फ्लाय होत्या. एक त्यांची. दुसरीला पिवळी लेस.

ताईंनी पायानंच दार लोटलं, कडी घातली.

"काहून कडी लावली वो?" बाहेरून मामाजी.

"मांजर येते, मामाजी!"

मग मासा माझ्यापुढं धरून त्या हळूच म्हणाल्या, "माही आज लागली. तुही आधीच लागली होती. आता तूच सांग."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, सख्खी बहीणसुद्धा असं करणार नाही. डोळे पुसले. ताईंनीही पुसले.

"अवो, लवकर सांगा ना," मामाजी ओरडले, "किडा कोणाचा?"

"माहा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.